टेपला लागलेली गाठ

माझ्या अंगावरची पहिली गाठ कोण्या डॉक्टरला सापडली नाही, माझ्याच टेपला सापडली. मी नाचणगावात बायकांचे ब्लाउज शिवते, सव्वीस वर्षं झाली. पोळा होऊन गेला होता, गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून स्वतःसाठी एक ब्लाउज बेतायला घेतला. छातीवरून टेप फिरवताना तो डाव्या खांद्याखाली अडला. बोट लावून पाहिलं तर हरभऱ्याएवढी टणक गाठ होती, जांभळट रंगाची. दुखत नव्हती, खाजतही नव्हती. दुखली असती तर लवकर दवाखान्यात गेले असते.

दवाखान्यातल्या समुपदेशक ताई मला म्हणाल्या, "शोभाताई, हा आजार फार थोड्यांना होतो. ज्यांना होतो त्यांना आपल्यासारख्या माणसानं लिहिलेलं काही वाचायला मिळत नाही. तुम्ही लिहा." मी म्हटलं, मला कापड कापता येतं, लिहिता येत नाही. तरी लिहायला बसले. आजाराबद्दल लिहिणं त्यातल्या त्यात सोपं आहे. आजारपणात मला माझं जे दिसलं ते लिहिताना लाज वाटते, पण ते गाळून लिहिलं तर सगळंच खोटं होईल.

बिब्बा

शेजारची कुसुम माझी जुनी मैत्रीण. तिला गाठ दाखवली तर म्हणाली, "बिब्बा लाव व. दोन दिवसांत बसते. डॉक्टरकडं काऊन जातं एवढ्याशासाठी?" मी लावला. गाठ बसली नाही, वरची कातडी मात्र भाजली. फोड आला, फुटला, काळा डाग पडला.

दिवाळीपर्यंत ती गाठ बोराएवढी झाली. पाठीवर दुसरी आली, दंडावर तिसरी. मग पुलगावच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी विचारलं, "काही लावलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

शिकलेल्या माणसासमोर बिब्ब्याचं नाव घ्यायची लाज वाटली, म्हणून खोटं बोलले. ते डागाकडे बघत राहिले आणि जखम चिघळली असं समजून मलम आणि गोळ्या देत राहिले. त्यात दीड-दोन महिने गेले. त्यांची चूक नव्हती, मीच त्यांना चुकीचं माप दिलं होतं. हे वाचणाऱ्या कोणाला अशी न दुखणारी, वाढत जाणारी गाठ असेल, तर दवाखान्यात जा. आणि काही लावलं असेल तर ते सांगून टाका. डॉक्टर दोन मिनिटं रागावतील, त्याच्यापेक्षा जास्त काही होत नाही.

नवी फॅशन

तोवर मी स्वतःसाठी गळ्यापर्यंत बंद, कोपराखाली बाह्या असलेले चार ब्लाउज शिवून घेतले होते. उन्हातान्हात मी तसं घालून बसायची. आमचे हे, म्हणजे माझे मालक, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करतात. ते म्हणाले, "एवढं अंग झाकून काऊन बसतं? जीव घाबरा होईन." मी म्हटलं, आता वय झालं, शोभून दिसलं पाहिजे.

गंमत अशी की गावातल्या दोघी-तिघींना तो नमुना आवडला. एक शिक्षिका बाई म्हणाल्या, "मावशी, मले बी असाच बंद गळ्याचा शिवून द्या. काय मस्त बसला तुमचा." मी माप घेतलं, शिवून दिला. माझी गाठ लपवायला काढलेला गळा त्या सणासुदीत गावभर फिरला. मी वरून हसायची आणि आतून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी मूठ झाकलेली होती एवढंच.

"चालेल का?"

शेवटी पुलगावच्या डॉक्टरांनीच वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट आला त्या दिवशी हे सोबत होते. डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मुलाएवढ्या, प्रवीणएवढ्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, तेव्हाच मला समजलं की बातमी चांगली नाही.

त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या काही पेशी असतात, प्लाझ्मा पेशी त्यांचं नाव. त्या हाडाच्या आतल्या मगजात राहतात. माझ्यात त्या बिघडून वाढल्या होत्या आणि राहायची जागा सोडून कातडीत येऊन बसल्या होत्या. असं फार क्वचित होतं.

हे म्हणाले, "कॅन्सर आहे का?"

"त्याच घरातला आहे," मॅडम म्हणाल्या. "पण आधी हाडांत आहे का ते पाहावं लागेल. नसेल तर आपल्या हातात बरंच काही आहे."

खरं तर माझा पहिला प्रश्न असायला हवा होता, मी जगेन का. मी विचारलं, "माझ्या हातानं शिवलेल्या कपड्यांतून हे कोणाला लागेल का?" मॅडमनी मान हलवली. हात लावून, कपड्यातून, एका ताटात जेवून हे होत नाही, म्हणाल्या. ह्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. बत्तीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही मला दुकानाचीच काळजी पडली होती.

मग मॅडम म्हणाल्या, "असा आजार आमच्या शिकणाऱ्या मुलांना बघायला मिळत नाही. त्यांना दाखवलं तर चालेल का? नाही म्हटलंत तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही."

मी हो म्हटलं. सहा-सात मुलंमुली आली. मी ब्लाउज काढून पाठ करून बसले. एका मुलीनं पुढून चादर धरली होती. कोणी फिदीफिदी हसलं नाही, कोणी नाक मुरडलं नाही. तरी माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. सव्वीस वर्षं मी बायकांना "पदर काढ व, सरळ उभी राह्य, हात वर कर" असं सांगत आले. कोणाच्या पोटावर टाके आहेत, कोणाचं एक अंग लहान आहे, कोणाला भाजलं आहे, सगळं माझ्या डोळ्यांखालून गेलं. मी एकीलाही कधी विचारलं नव्हतं, चालेल का म्हणून.

त्या चादरीच्या आड बसून मला वंदना आठवली.

मी काय केलं होतं

आमच्याकडे सोयरीक ठरायच्या आधी एक रीत आहे. ती कोणी रीत म्हणून सांगणार नाही. मुलाकडची एखादी मावशी किंवा आत्या मुलीच्या गावात येते आणि तिथल्या टेलरणीकडे ब्लाउजपीस घेऊन बसते. ब्लाउज हे निमित्त. मुलीला पाहायला आलेल्या लोकांना साडीतली मुलगी दिसते, टेलरणीला बाकीचं माहीत असतं. मग इकडचं तिकडचं बोलता बोलता बाई विचारते, "पोरगी कशी आहे व? तुमी तर माप घेता."

वंदना तेव्हा बावीस वर्षांची होती. तिच्या अंगावर एक डाग होता. माप देताना तिनं माझा हात धरला होता. म्हणाली, "काकू, कोणाले सांगजा नका." मी म्हटलं, वेडी आहेस का.

तिचं जवळपास ठरलं होतं. मुलगा नोकरीवाला, माणसं चांगली. मुलाची आत्या माझ्याकडे आली. दोन ब्लाउजपीस टाकले आणि विचारलं. मला फक्त "चांगली आहे" म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. पण मी टेप गुंडाळत गप्प बसले. मग म्हणाले, "मी कोणाच्या अंगाचं बोलत नाही बाई."

बोलताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे मला चांगलं आठवतं. आत्याबाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पिशवी उचलली. आठ दिवसांनी मुलाकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पुढच्या वर्षी वंदनाला गावातल्याच एका बिजवराला दिली. त्याला आधीची दोन मुलं होती, वयात चौदा वर्षांचं अंतर.

मी इतकी वर्षं मनाला सांगत आले की मी तर काही बोललेच नाही. गप्प बसायची वेळ कोणती आणि बोलायची कोणती, हे मला पक्कं माहीत होतं. आत्याबाईंना कळावं असं मला कुठंतरी वाटत होतं, कारण मला एवढं माहीत आहे हे त्यांनाही दिसावं. बायका माझ्याकडे विचारायला येतात याची मला मोठी फुशारकी होती.

फाइल

उपचार सरकारी योजनेतून होणार होते. कागदपत्रांसाठी गावच्या आशाताईंना, म्हणजे सरकारच्या आशा आरोग्यसेविकेला, भेटा असं दवाखान्यात सांगितलं. गावची आशाताई म्हणजे वंदना.

मी ह्यांना म्हटलं, "तिच्याकडे जाऊ नका. तिला सांगणं म्हणजे गावाला सांगणं."

"काऊन? थे तर कोणाचं काही बोलत नाई," हे म्हणाले. "तुले काय झालं तिचं?"

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. ती माझ्यासारखी वागेल याचीच मला भीती होती. हे माझं न ऐकता गेले. दुसऱ्या दिवशी ती सायकलवरून आली, ओट्यावर बसली, रेशन कार्ड आणि आधार मागितलं आणि एका प्लास्टिकच्या फाइलीत रिपोर्ट तारखेनं लावून दिले. गाठ दाखवा म्हणाली नाही. जाताना एवढंच बोलली, "मंगळवारी लवकरच्या बसनं निघजा. उशिरा गेलं तर नंबर लागत नाई."

तपासण्यांतली एकच सांगते, कारण तिची मला सगळ्यांत जास्त भीती होती. कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढतात. जागा बधिर करतात, तरी ओढताना जीव वर येतो. दहाच मिनिटं, पण मोठी दहा मिनिटं. दीर्घ श्वास घ्या आणि कोणाचा तरी हात धरा. मी सिस्टरचा धरला होता, तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली. रिपोर्ट आला, हाडं साफ होती. हे दवाखान्याच्या बाहेर जाऊन दोन प्लेट आलुपोंगे, म्हणजे बटाटा भरलेल्या तळलेल्या नळ्या, घेऊन आले आणि आम्ही झाडाखाली बसून खाल्ले. इतके चविष्ट आलुपोंगे मी पुन्हा खाल्ले नाहीत.

मग छातीवरच्या गाठीला शेक, आणि आठवड्याला पोटाच्या कातडीत एक इंजेक्शन. शेक म्हणजे रेडिएशन, मशिनखाली निजायचं, दुखत काही नाही, कातडी मात्र उन्हात करपल्यासारखी होते. इंजेक्शननं पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या, शिलाई मशिनचं पायडल नीट लागायचं नाही. शेजारच्या खुर्चीवर हिंगणीची एक म्हातारी असायची. तिचा आजार वेगळा होता. ती दर वेळी पदराच्या गाठीतून शेंगदाणे काढून मला द्यायची आणि म्हणायची, "खाय माय, सुई पोटात जाते तं पोटालेही काही पाहिजे." मी तिला माझ्या गाठी दाखवल्या. गावात कोणाला दाखवल्या नव्हत्या, तिला दाखवल्या. तिनं दंडावरच्या गाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाईन." दंडावरची आणि पाठीवरची गाठ तिसऱ्या महिन्यात विरून गेली.

पाहुणे

प्रवीण बुटीबोरीला कंपनीत आहे. माझे उपचार संपत आले तेव्हा त्याच्यासाठी सिंदीची एक मुलगी सांगून आली. त्याला मुलगी आवडली, तिलाही तो आवडला. दोघं फोनवर बोलायला लागले.

मी घरात फर्मान काढलं, माझ्या आजाराचा एक शब्द बाहेर जायचा नाही.

हे म्हणाले, "जे हाये थे सांगून टाकू. उद्या कळलं तं काय तोंड दाखवू?"

"पोराचं जुळत आलेलं मोडायचं आहे का तुम्हाला?"

"मी मोडून नाई राह्यलो. तू लपवून राह्यली."

आम्ही चार दिवस एकमेकांशी बोललो नाही. प्रवीण म्हणाला, आई म्हणते तसं करा. तो माझ्या बाजूनं बोलला तरी मला बरं वाटलं नाही.

एका दुपारी वंदना आली. सायकल लावली नाही, हातातच धरून उभी राहिली. म्हणाली, "काकू, सिंदीचे पाहुणे गावात आले. मुलीची आई आन मामा. आधी माह्याकडं आलते."

मी कात्री खाली ठेवली. "काय विचारलं?"

"हेच, का शोभाबाईले काही आजार हाये का, वर्ध्याले जाताना दिसते म्हणून."

"मग तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, त्यांचं घर त्या गल्लीत हाये, त्याहिलेच विचारा. येऊन राह्यले ते. सांगाव म्हणून आली."

ती खोटं बोलली नव्हती, गप्पही बसली नव्हती. विचारणाऱ्याला माझ्या दाराशी आणून सोडलं आणि आधी येऊन मला सांगितलं. एवढं सोपं होतं ते. त्या दिवशी त्या आत्याबाईला मी हेच म्हणू शकले असते, आणि पुढे होऊन वंदनाच्या आईला सांगू शकले असते. इतक्या वर्षांत मला हे वाक्य सुचलंच नाही, कारण मी ते शोधलंच नव्हतं.

पाहुणे वळणावर दिसत होते. मी म्हटलं, "वंदना, तुझं पहिलं मोडलं ते माझ्यामुळं मोडलं."

"मले माहीत हाये."

"कधीपासून?"

"तवापासूनच. त्या आत्यानं आमच्या आईले सांगतलं होतं. टेलरीणबाई गप झाली, तिथंच समजलो म्हणे आमी."

आठवलं, त्यानंतर वंदना माझ्याकडे कधी शिवायला आली नव्हती. पुलगावला टाकायची. मी समजत होते की तिला तिकडची शिलाई आवडते.

"मला माफ कर," मी म्हटलं.

तिनं सायकल वळवली. "माफ केलं म्हणायले सोपं हाये काकू. माह्या तोंडातून नाई निघत. तुमी चहा ठेवा, लोक आले."

मुलीची आई भली बाई होती. चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं आणि मग तिनं कपाकडे बघत विचारलं, "तब्येत बरी नव्हती म्हणे तुमची?" माझ्या तोंडात जुनी चुप्पी आलीच होती. मी गळ्याची दोन बटणं काढली आणि शेकानं काळी पडलेली जागा तिला दाखवली. नाव सांगितलं, कातडीतून कसं निघालं ते सांगितलं, परत येऊ शकतं हेही सांगितलं. दर तीन महिन्यांनी तपासायला जावं लागतं म्हटलं. तिनं विचारलं, "लेकराले होते का?" मी म्हटलं, तसं होत नाही असं डॉक्टर म्हणतात. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

आठ दिवसांनी फोन आला, पत्रिका जुळत नाही.

प्रवीण दोन रविवार घरी आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, जेवला आणि म्हणाला, "तू सांगितलं ते बरोबरच केलं." पण माझ्याकडे पाहून म्हणाला नाही. मी त्याला दोष देत नाही. वंदनाच्या आईच्या घरी हा निरोप गेला तेव्हा कसं वाटलं असेल हे मला कळायला तो माझ्या घरी यावा लागला, ह्याचीच जास्त लाज वाटते.

ही ओळ

आता मी बरी आहे. गाठी नाहीत, डाग आहेत. दुकान सुरू आहे. माप घेण्याआधी मी मध्ये पडदा ओढते आणि विचारते, चालेल का. नव्या पोरी हसतात, म्हाताऱ्या म्हणतात, ही दवाखान्यातून साहेबीण होऊन आली.

लिहून झालं तसं मी हे वंदनाच्या घरी घेऊन गेले. आधी विचारलं, तुझं लिहू का. तिनं विचारलं, नाव काय टाकलं. मी सांगितलं, वंदना. ते तिचं खरं नाव नाही. ती म्हणाली, वाचून दाखवा. तिची सासूच्या ठिकाणी असलेली नणंद घरी नव्हती, मुलं शाळेत होती. मी सगळं वाचलं. माझ्या फुशारकीचंही वाचलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. एका जागी तिनं हात थांबवला.

"थे वाचा बरं परत."

मी परत वाचलं. तिच्या अंगावरचा डाग कशाचा होता आणि कुठं होता, ते मी तिथं लिहिलं होतं. लोकांना नीट कळावं म्हणून लिहिलं होतं. एवढं सगळं होऊनही मी ते लिहिलं होतं.

ती रागावली नाही. म्हणाली, "ही ओळ काढा."

मी तिच्यासमोरच ती ओळ खोडली. तिनं कागद हातात घेऊन खोडलेलं वाचता येतं का ते पाहिलं, आणि म्हणाली, "अजून खोडा."